टोमॅटोची रोपं पिशवीत लावताना माती कसली घ्यायची, सोलापूरच्या गच्चीपुरतं बोलायचं तर

ताई, तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. जुळे सोलापुरात तुमची गच्ची आहे, नर्सरीतनं ट्रेमधली दहा टोमॅटोची रोपं आणून ठेवलीत, चार-पाच पानांची झालीत, आणि आता ती पिशव्यांत कशात लावायची यावरनं घरात तीन पार्ट्या पडल्यात. सासरे म्हणतात मोहोळच्या रानातली काळी माती आणू, तिच्यासारखं दुसरं काही नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात माती नकोच, नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घाला. दुकानदार म्हणतो कशाला डोक्याला ताप, रेडिमेड पॉटिंग मिक्सची बॅग न्या. वरनं मागच्या वर्षीचा अनुभव असा की काळी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं घालून आठ रोपं लावली, तीन रोपं पंधरा दिवसांत बुडाशी बारीक होऊन आडवी झाली आणि राहिलेली पिवळी पडून नुसती उभी राहिली.

मी एकोणीस-वीस वर्षं रोपं करून विकतोय, शेतकऱ्यांनाही आणि गच्चीवाल्यांनाही. तीन ओळींत उत्तर देता येईल, पण मग ते तुमच्या डोक्यात राहणार नाही आणि पुढच्या वर्षी दुसरा कोणीतरी चौथं काहीतरी सांगेल, ते करून बसाल. म्हणून जरा लांबण लावतो.

माझ्याकडं कोणी मातीचं विचारायला आलं की मी आधी पाण्याचं विचारतो. लोकांना वाटतं हा विषय टाळतोय. पण खरं तेच आहे, तुमच्या घरी कुठलं पाणी आहे, ते किती दिवसांनी येतं आणि झाडाला घालणारा हात कोणाचा आहे यावर मिश्रण ठरतं. आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, उजनी धरणाचं पाणी मधे काही दिवस टाकून येणार, ते आपण बॅरल भरून ठेवणार, ते प्यायला आणि स्वयंपाकाला, आणि झाडांना काय तर बोअरचं. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. गिझरच्या कॉइलवर, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो ना, तोच थर हळूहळू पिशवीतल्या मातीतही बसत असतो. मग पुण्यातल्या कोणीतरी व्हिडिओत सांगितलेलं मिश्रण इथं का चालत नाही म्हणून आपण हैराण. त्याचं पाणी वेगळं, त्याचं ऊन वेगळं, त्याची हवा दमट.

आता सासऱ्यांची काळी माती. त्यांना चुकीचं म्हणू नका, रानात त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मंगळवेढ्याची ज्वारी कशावर येते, पाऊस संपल्यावर त्या भारी काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवरच येते, वरनं पाणी नसलं तरी येते. ती माती पाणी धरून ठेवते हाच तिचा गुण. पण रानात त्या मातीखाली आणखी दोन-तीन हात माती असते, पाणी खाली खाली ओढलं जातं आणि वरच्या थरात मुळांना श्वास घ्यायला जागा होते. पिशवीत खाली काय आहे, एक फुटावर प्लॅस्टिकचं बूड. तिथं पाणी येऊन थांबतं.

हे बघायचं असेल तर भांडी घासायचा जाड स्पंज घ्या, पाण्यात बुडवून आडवा हातावर धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा, परत पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. म्हणजे उंची कमी असली की बुडाशी पाणी अडकून राहतं, भोकं कितीही पाडा. म्हणूनच उथळ कुंडीत काळी माती घातली की खालची चार-पाच बोटं कायम चिखल, आणि वर ऊन लागून भेगा. भेगा पडल्या की मातीचा गोळा पिशवीच्या कडेपासून सुटतो, मग तुम्ही पाणी घातलं की ते कडेकडेनं सरळ खाली जाऊन भोकातनं बाहेर, तुम्हाला वाटतं झाड भरपूर पाणी प्यालं, आतला गोळा कोरडाच. वर कोरडं खाली चिखल, दोन्ही दुखणी एकाच पिशवीत.

आणि एक, लोक खाली खडे, विटांचे तुकडे घालतात निचरा व्हावा म्हणून. त्यानं निचरा वाढत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांच्या पोकळीत सहज उतरत नाही, ते खड्यांच्या वरच थांबतं, म्हणजे चिखलाचा थर तुम्ही उलट चार बोटं वर उचलून मुळांच्या जवळ आणला. भोकावर एखादं खापर किंवा जाळीचा तुकडा ठेवा माती वाहून जाऊ नये म्हणून, तेवढं बास.

आपल्या भागातल्या डाळिंबवाल्याला विचारून बघा, तो बागेसाठी भारी काळं रान शोधत नाही, हलकं मुरमाड रान शोधतो आणि वरनं ठिबक देतो. का तर डाळिंबाच्या मुळाला साचलेलं पाणी खपत नाही. टोमॅटोचं तसंच समजा, आणि त्यातनं ट्रेमधलं कोवळं रोप म्हणजे तर तान्हं बाळ. त्याला पहिले पंधरा दिवस जेवणापेक्षा हवा जास्त लागते, मुळांना. एवढी एक गोष्ट धरून चाललात तर पुढचं सगळं आपोआप ठरत जातं.

तुमची तीन रोपं देठापाशी बारीक होऊन पडली तो रोप कोलमडण्याचा रोग, जमिनीतली बुरशी असते, सतत ओली गच्च माती मिळाली की जोर धरते. त्यात शेणखत जर पुरतं कुजलेलं नसेल तर आगीत तेल. राहिलेली पिवळी पडली त्याचं कारण मला दुसरं वाटतंय. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं होतं का? ऊसवाले त्याला केवडा म्हणतात. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वर, वरनं बोअरचं जड पाणी, मग मातीत लोह असून पण झाडाला घेता येत नाही. टोमॅटोला सामू साधारण ६ ते ६.८ च्या दरम्यान आवडतो. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असतील तर मग नत्राची उपासमार म्हणायची. तुम्ही फोटो काढला असेल तर बघून ठेवा, यावर्षी उपयोगी पडेल.

मातीत चुनखडी आहे का हे घरी कळतं. चमचाभर कोरडी माती बशीत घ्या, वर व्हिनेगर टाका, कानाजवळ धरा. फस्स करून फेस आला तर चुनखडी भरपूर. लिंबू पिळलं तरी थोडंफार कळतं पण व्हिनेगर बरं. हीच टेस्ट मुरमाला पण करायची, कारण मी पुढं मिश्रणात मुरूम घ्यायला सांगणार आहे आणि काही मुरूम चुनखडीचा निघतो, तो नको.

आता वहिनींचं नुसतं कोकोपीट. कोकोपीट वाईट नाही, माझी सगळी रोपं कोकोपीटमध्येच तयार होतात, तुमच्या ट्रेमधलं पण तेच आहे. हलकं असतं, गच्चीवर भार येत नाही (१५ लिटरची पिशवी नुसत्या मातीनं भरून भिजवली तर पंचवीस किलोच्या पुढं जाते, दहा पिशव्यांचा हिशोब करा), पाणीही धरतं आणि हवाही राहते. पण दोन भानगडी आहेत. एक, त्यात जेवण जवळजवळ नाहीच. नुसत्या कोकोपीटवर टोमॅटो घ्यायचा तर रोजच्या रोज पाण्यातनं खत मोजून द्यावं लागतं, पॉलिहाऊसवाले देतात, त्यांचं ते काम आहे. तुम्ही चार दिवस गावाला गेलात की संपलं. आणि दुसरी भानगड मिठाची.

नारळाच्या काथ्यातनं निघालेला भुसा तो, त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, चांगला पुरवठादार ते धुऊन देतो, हलका देत नाही. मी सुरुवातीच्या वर्षांत एकदा स्वस्त मिळालं म्हणून टेम्पोभर ब्लॉक घेतले, बाहेरचा माल होता, न धुताच ट्रे भरले. बी उगवलं छान, आठव्या-दहाव्या दिवशी पानांच्या कडा करपायला लागल्या, मी मूर्ख, पाणी कमी पडतंय म्हणून पाणी वाढवलं, मग बुरशीचं औषध मारलं, मग आणखी काहीतरी मारलं. चाळीस ट्रे उकिरड्यावर गेले. नंतर एका ओळखीच्या कृषी पदवीधर पोरानं एक पेनासारखं यंत्र बुडवून दाखवलं, कोकोपीटमधनं निथळलेलं पाणी आमच्या बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट. तेव्हापासून ब्लॉक आला की धुतल्याशिवाय वापरत नाही, पाकिटावर लो ईसी, म्हणजे क्षार कमी, असं लिहिलेलं असू दे नाहीतर आणखी काही.

धुवायचं असं. पाच किलोचा ब्लॉक मोठ्या टबात पंचवीस-तीस लिटर पाण्यात सोडायचा, तासा-दोन तासात फुगून भुसभुशीत होतो, ६० ते ७० लिटर माल निघतो. मग तो कांद्याच्या जाळीदार पोत्यात भरायचा, भोवती पातळ कापड गुंडाळलं तर वाया कमी जातो, आणि वरनं पाणी ओतून निथळू द्यायचं, असं दोन-तीनदा. पहिलं पाणी चहासारखं लाल निघतं, घाबरायचं नाही, ते रंगाचं आहे. घरात आरओचं पाणी तपासायचं टीडीएस पेन असेल तर आधी तुमच्या पाण्याचा आकडा घ्या, मग निथळलेल्या पाण्याचा घ्या. दोन्हीतला फरक तीनशेच्या आत आला की बास करा. धुणं बोअरच्या पाण्यानं केलंत तरी चालेल, फक्त शेवटची एक बादली नळाच्या पाण्याची ओता. हे धुतलेलं पाणी कुंड्यांना घालू नका, मोरीत सोडा.

दुकानातल्या रेडिमेड बॅगेबद्दल माझं मत जरा वाईट आहे ते आधीच सांगतो म्हणजे तुम्ही त्यातला राग वजा करून वाचाल. काही बॅगा खरंच चांगल्या असतात. पण बऱ्याच जणांचं पॉटिंग मिक्स म्हणजे ओलं कोकोपीट, वर दोन मुठी गांडूळखत आणि झकास फोटो. किलोवर विकतात, म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे देताय. घ्यायचीच असेल तर लिटर किती ते विचारा, किलो नाही. बॅग उघडून मूठभर हातात घ्या. वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा आला पाहिजे. कुबट, आंबूस किंवा अमोनियाचा, गोठ्यातल्या मुतारीसारखा झोंबणारा वास आला तर ठेवून द्या परत. मूठ आवळा, बोटांच्या फटीतनं दोन-चार थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाणी मारलेलं आहे. मूठ उघडा, गोळा राहिला पाहिजे पण अंगठ्यानं टोचलं की फुटला पाहिजे. टोचल्यावर अंगठ्याची खूण उमटून गोळा तसाच राहिला, पुरणाच्या गोळ्यासारखा, तर त्यात चिकणमाती जास्त आहे. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

मग मी काय घालतो. तिघांचंही थोडं थोडं ऐकतो, हे असं.

तुमच्या दहा पिशव्या, प्रत्येकी १५ लिटरच्या धरतो. पिशवी निदान फूटभर उंच पाहिजे, जास्त असेल तर उत्तम, रुंद-उथळ टब घेऊ नका, स्पंजाचं आठवा. माप घमेल्यानं, आणि मापायचं ते वजनावर नाही, घमेलं भरून. धुतलेलं कोकोपीट पाच घमेली, म्हणजे पाच किलोचा एक ब्लॉक. चाळलेली माती तीन घमेली. गांडूळखत किंवा जुनं, पुरतं कुजलेलं शेणखत अडीच घमेली. आणि बारीक मुरूम दोन घमेली. एकूण साडेबारा भरेल पण कालवल्यावर कमी होतं, बारीक माल जाड मालाच्या फटीत बसतो ना, त्यामुळं दहा पिशव्या वर तीन-चार बोटं जागा सोडून बरोबर भरतात.

मातीमध्ये सासऱ्यांचा मान ठेवायचा असेल तर त्या तीनपैकी एक घमेलं काळी माती घ्या आणि दोन तांबडी किंवा पोयट्याची. ढेकळं फोडून, वाळवून, चाळून. एवढ्या प्रमाणात काळी माती फायद्याचीच आहे, खत आणि ओल धरून ठेवते. व्हिनेगरला फार फसफसली तर मात तेवढीही नको, सासऱ्यांना बशी दाखवा.

मुरूम म्हणजे रस्त्यावर टाकतात तो नाही, त्यात माती आणि भुकटी फार. चहाच्या गाळणीतनं सगळी धूळ गेली पाहिजे आणि धान्याच्या मोठ्या चाळणीवर मोठे खडे राहिले पाहिजेत, मधला जो माल राहील, तुरीच्या डाळीएवढा, तो आपला. धुऊन घ्या. मुरूम नाही मिळाला तर जाड वाळू, नदीची असो नाहीतर दगड फोडून केलेली क्रश सँड, पण क्रश सँडमधली पांढरी भुकटी धुवून काढलीच पाहिजे, नाहीतर ती सिमेंटसारखी फटी बुजवते. बारीक वाळू बिलकुल नको, लोकांना वाटतं वाळू म्हणजे निचरा, पण बारीक वाळू काळ्या मातीत मिसळली की वीट तयार होते. परलाइट, म्हणजे फुगवलेले पांढरे खडे, मिळत असेल आणि पैसे असतील तर तेही चालतं, हलकं असतं. भाताचं तूस मिळालं तर तेही चांगलं पण आपल्याकडं भात कुठं, ते आणायला फिरत बसू नका.

मी सांगितलं ना पाणी घालणाऱ्या हातावर ठरतं, तर ते इथं. घरात कोणीतरी सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन फिरणारं असेल, रिटायर झालेले सासरे वगैरे, त्यांचं प्रेम पाण्यातनं उतू जातं, तर मुरूम तीन घमेली करा आणि माती दोन. तुम्ही दोघं नोकरीला आणि पाणी एक दिवसाआड पडणार असेल तर उलट, माती चार आणि मुरूम एक. पावसाळ्यात लावताय तर पहिलं, उन्हाळ्यात लावताय तर दुसरं. आता गणपती झालेत, ऑक्टोबरचा चटका पंधरा-वीस दिवस सोसला की पुढं थंडी, टोमॅटोला हाच काळ चांगला. दुपारचा पारा पस्तिशीच्या वर टिकून राहिला की फुलं गळतात, म्हणून उन्हाळ्यातला टोमॅटो आपल्या गच्चीवर म्हणजे हौसच. आत्ता लावलंत तर गड्ड्याच्या जत्रेच्या वेळेला, म्हणजे जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला, झाडं फळांनी भरलेली असतील.

खतावर जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त रोपं लोक खतानं मारतात. तुम्ही शेणखत निम्मं घातलं होतं, ते फार झालं. गांडूळखत असो की शेणखत, एकूण मिश्रणाच्या पाचवा हिस्सा, फार तर चौथा. त्याच्या वर गेलं की ते चिकट होतं, पाणी धरून बसतं आणि क्षार पण वाढतात. खत कुजलंय का बघायला मेथीचे दाणे वापरा, हे मी आजही करतो. एका कपात ते खत निम्मं आणि धुतलेलं कोकोपीट निम्मं, दुसऱ्या कपात नुसतं धुतलेलं कोकोपीट, दोन्हीत दहा-दहा दाणे मेथी. चार-पाच दिवसांत दुसऱ्या कपात नऊ उगवले आणि खताच्या कपात चारच, किंवा उगवून मुळाची टोकं तपकिरी, तर ते खत अजून कच्चं आहे. पोतं सावलीत ओलसर ठेवून द्या महिना-दीड महिना, मधे उलथापालथ करा.

साखर कारखान्याची मळी, प्रेसमड म्हणतात ती, आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही त्यामुळं ती स्वस्तात किंवा फुकट मिळते आणि कोणीतरी तुम्हाला सांगेलच की घाला. रानात घालायला बढिया. पण ताजी मळी कुजताना इतकी तापते की हात घालवत नाही, ती रोपाखाली घातली तर मुळं उकडून निघतील. पुरती कुजलेली, काळी, वास नसलेली, भुसभुशीत झालेली असेल तरच, आणि तीही गांडूळखताच्या जागी अर्धं घमेलं. काही ठिकाणी मळीवर डिस्टिलरीचं सांडपाणी मारून खत करतात, त्यात क्षार जास्त असतात, बोअरचं पाणी आणि वरनं ते, मी तर कुंडीत घालणार नाही.

शेंगांच्या टरफलांचं पण विचारतात, चटणीवाल्यांकडं पोती भरून असतात. कच्ची टरफलं मिश्रणात कालवली की ती कुजताना नत्र स्वतः खातात, झाड पिवळं. ती मिश्रणात नका घालू, वरनं पसरा, दोन बोटांचा थर. ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते. ज्वारीचा कडबा बारीक तोडून घातला तरी तेच काम होतं.

या मिश्रणात पिशवीला पन्नास ग्रॅम निंबोळी पेंड आणि मूठभर बोनमील (हाडांचा चुरा) कालवा. ट्रायकोडर्मा, म्हणजे उपयोगी बुरशीची पावडर, मिळाला तर किलोभर खताला दहा ग्रॅम या हिशोबानं ओलसर खतात आठवडाभर आधी मिसळून गोणपाटाखाली सावलीत ठेवा, मग मिश्रणात घाला. तीही जिवंत बुरशीच आहे, रोप कोलमडवणाऱ्या बुरशीला जागा धरू देत नाही. पाकिटावरची मुदत बघून घ्या, दुकानात उन्हात ठेवलेलं घेऊ नका, आणि त्याच मातीत लगोलग रासायनिक बुरशीनाशक ओतू नका, तुम्हीच तिला मारून टाकाल. युरिया, डीएपी मिश्रणात काही घालायचं नाही, कितीही कोणी सांगू दे.

मिश्रण लावायच्या आदल्या दिवशी भरून भिजवून ठेवा. भरताना वरनं मुठीनं ठोकू नका, पिशवी जमिनीवर दोनदा आपटा, जेवढं बसायचं तेवढं बसतं. मग लिटरभर पाणी घालून घड्याळ बघा, मिनिटभरात वरचं पाणी आत गेलं आणि खालनं गळायला लागलं तर उत्तम. पाच मिनिटं वर तळं राहिलं तर आणखी मुरूम घालून परत कालवा, आळस करू नका, नंतर झाड लावल्यावर काही करता येत नाही.

रोपं संध्याकाळी लावा. ट्रेला तासभर आधी पाणी द्या, खालनं बोटानं ढकला, देठाला धरून उपटू नका. मुळांच्या गोळ्यासकट रोप खोल जाऊ द्या, अगदी पहिल्या दोन बीजपानांपर्यंत, टोमॅटोच्या खोडाला मातीत गेलेल्या भागातनं नवी मुळं फुटतात. वांग्या-मिरचीला एवढं खोल करू नका, टोमॅटोचीच ही मजा. बोटभर उंचीची बारीक रोपं असतील आणि तुम्ही पाण्याला सढळ असाल तर थेट मोठ्या पिशवीत न लावता आधी चहाच्या मोठ्या कागदी कपात पंधरा दिवस वाढवा, कारण एवढंसं रोप १५ लिटर ओली माती पिऊ शकत नाही, ती ओलीच राहते आणि परत तोच रोग. कपासाठी मिश्रण वेगळं, तीन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग मुरूम किंवा परलाइट, माती अजिबात नाही. तुमची चार-पाच पानांची आहेत म्हणता, खोड पेन्सिलीच्या शिशापेक्षा जाड असेल तर थेट पिशवीत गेली तरी चालतील.

चार दिवस वर हिरवी नेट किंवा जुनी ओढणी बांधा. पिशव्या काळ्या असतील तर भोवती गोणपाट गुंडाळा किंवा पांढऱ्याच घ्या, गच्चीवर दुपारी काळ्या प्लॅस्टिकला हात लावून बघा म्हणजे मुळांचं काय होत असेल ते कळेल. आणि पिशवी फरशीवर थेट न ठेवता दोन विटांवर, खालनं हवा पण खेळते आणि फरशीची धग पण लागत नाही.

पाणी मात्र बोट खुपसून. दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तरच द्यायचं, दिलं की खालनं थोडं गळेपर्यंत द्यायचं. रोज कपभर कपभर घातलं की क्षार वर साचतात, बोअरच्या पाण्यात जास्तच. महिन्यातनं एकदा नळाचं पाणी आलं की त्या दिवशी प्रत्येक पिशवीत तीन-चार लिटर नळाचं पाणी ओतून सगळं खाली गळू द्या, मातीवरचा पांढरा थर जातो. नळाच्या पाण्याची चैन एवढीच करा, बाकी महिनाभर बोअर चालेल.

दहा-बारा दिवसांनी नवी पालवी दिसली की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातनं एकदा, झाड गुडघ्याला आलं की दोन ग्रॅम. फुलं लागल्यावर कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक-दोन ग्रॅम, वेगळ्या दिवशी, एकाच बादलीत १९:१९:१९ बरोबर कालवलं तर पांढरा साका होऊन दोन्ही वाया. फळाचं बूड काळं पडतं त्याला लोक कॅल्शियमच कमी म्हणतात पण गच्चीवर निम्म्या वेळा पाणी एक दिवस भरपूर आणि तीन दिवस काहीच नाही, यानं होतं ते.

राहिली मागच्या वर्षीची आठ पिशव्यांतली माती. ती फेकू नका आणि यावर्षी टोमॅटोला वापरू पण नका. मेलेल्या झाडाचं मूळ उपटून बघा, मुळावर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी, आहेत, मग त्या मातीत टोमॅटो, वांगं, मिरची काहीच नाही. गाठी नसल्या तर त्यात आत्ता मेथी, कोथिंबीर टाका. उरलेली माती उन्हाळा आला की एप्रिल-मेमध्ये गच्चीवर वीतभर जाडीत पसरा, चांगली ओली करा, वर पारदर्शक प्लॅस्टिक टाकून कडा विटांनी दाबा आणि दीड महिना हात लावू नका. आपल्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग. काळा कागद नको, पारदर्शकच, त्याखाली जास्त तापतं. त्या मातीत मग नव्यानं कोकोपीट आणि मुरूम घालून पुढच्या गणपतीनंतर टोमॅटोलाच वापरता येईल, गाठी निघाल्या असतील तर मात्र त्यात झेंडू लावा.